कुंपणापलीकडचा हिमसेल्फ

आमच्या शेजाऱ्याचं नाव हिमसेल्फ आहे असं मी पहिला सगळा उन्हाळा धरून चाललो होतो, आणि यात माझी काडीची चूक नाही. आयर्लंडात मलिंगारला मुलाकडे राहायला आलो त्याच आठवड्यात मी कुंपणापलीकडच्या बाईंना विचारलं, "मॅडम, मिस्टर नेम?" बाई कपडे वाळत घालत होत्या. त्यांनी तोंडात धरलेला चिमटा काढला, मागच्या शेडकडे मान हलवली आणि म्हणाल्या, "हिमसेल्फ इज इन द शेड." आता नाव विचारल्यावर माणूस नावच सांगणार. त्यातलं 'इन' मला कळलं, शेड तर समोर दिसत होती. उरलं ते नाव. दुसऱ्या दिवशी तो शेडमधून बाहेर आल्यावर मी कुंपणाशी गेलो, हात जोडले आणि खणखणीत आवाजात म्हटलं, "गुड मॉर्निंग, मिस्टर हिमसेल्फ."

तो जागच्या जागी थांबला. ताडमाड उंच, अंगावर मांस नाही, भुवया अशा दाट की त्यांच्या खाली डोळे शोधावे लागत. त्यानं मला वरून खालपर्यंत पाहिलं, मग खालून वरपर्यंत पाहिलं, आणि काही न बोलता आत जाऊन दार आपटलं. नमस्काराला उत्तर न देणाऱ्या माणसाला मी माफ करत नाही. त्या सकाळी आमचं जे वैर सुरू झालं ते शेवटपर्यंत टिकलं. ते टिकवायला आम्ही दोघांनीही कष्ट घेतले, आणि दोघांपैकी एकही मध्ये ढिला पडला नाही.

मी सांगलीकडचा. हळदीच्या पोत्यांचा ट्रक चालवण्यात माझा जन्म गेला. शाळा चौथीपर्यंत. मुलगा संतोष इथे कॉम्प्युटरच्या कामाला, सून केतकी पुण्याची, इथेच कॉलेज शिकली आणि इथेच नोकरीला लागली. बायको गेल्यावर दोघांनी मला आणलं. इंग्रजी मला हायवेपुरतं येत होतं, आणि हायवेवर जेवढं लागतं तेवढं जगात सगळीकडे पुरतं असं माझं मत होतं.

नावाचा घोटाळा उघडा पडला तो पोस्टमनमुळे. तो त्यांचं पार्सल घेऊन आला, त्यांच्याकडे कोणी दार उघडेना, तेव्हा मी आमच्या दारातून ओरडून सांगितलं, "मिस्टर हिमसेल्फ नॉट होम." केतकी मागे उभी होती. ती जिन्याच्या पायरीवर बसून हसायला लागली.

"अहो अप्पा, ते नाव नाहीये. हिमसेल्फ म्हणजे तो स्वतः. इथल्या बायका नवऱ्याला तसं म्हणतात. आपल्याकडे नाही का, 'हे' आलेत, 'हे' जेवलेत."

मी तिला म्हटलं, "तुझी सासू मला मालक म्हणायची. मालक गाडीवर गेल्यात, मालक झोपल्यात. तिनं माझं नाव लग्नात एकदा घेतलं, तेही उखाण्यात, चार बायकांनी दार अडवलं म्हणून."

"मग तेच हे. शेजारच्या मॉरीनताईंचे ते मालक."

मला मॉरीनबाई एकदम आपल्यातल्या वाटायला लागल्या. नवऱ्याबद्दल मात्र मत बदलायचं कारण नव्हतं. केतकीनं त्याचं खरं नाव सांगितलं, दोनदा म्हणून दाखवलं. मी म्हटलं, एकदा तोंडात बसलेलं नाव मी बदलत नाही. तो मला हिमसेल्फच.

त्याची खोड अशी की रोज सकाळी तो शेडच्या दारात उभा राहायचा, हातात जुन्या पुस्तकांचे झेरॉक्स केलेले कागद, आणि मोठमोठ्यानं वाचायचा. माझी सकाळ म्हणजे परसातल्या नळावर खळखळून चूळ भरणं आणि घसा साफ करणं. आमच्या दोघांची वेळ एकच. मी खाकरायला लागलो की तो आवाज चढवायचा. इंग्रजी वाटावं पण इंग्रजी नव्हे असं काहीतरी तो बोलायचा, आणि त्यात दर दोन ओळींनी एक शब्द, हिमसेल, हिमसेल्विन, हिमसेल. माझ्या लक्षात आलं की हा आपल्याला वेडावून दाखवतोय. मी दिलेलं नाव मलाच परत फेकतोय. मग मीही घसा असा साफ करायला लागलो की दोन घरं सोडून खिडक्या लागायच्या.

शेवटी केतकीच जाऊन बोलून आली. आली ती चेहरा विचित्र करून.

"अप्पा, ते तुम्हाला शिव्या देत नाहीयेत. ते सर्वनामं वाचतायत."

"काय वाचतोय?"

"सर्वनामं. मी, तू, तो, स्वतः. ते मूळचे स्कॉटलंडचे. जन्मभर इथल्या शाळेत शिकवलं. त्यांच्याकडे जुन्या काळी 'स्वतः' कसं म्हणायचे, कधी म्हणायचे, कधी नाही, याचा अभ्यास करतायत रिटायर झाल्यापासून. मोठ्यानं वाचल्याशिवाय जोर कुठल्या शब्दावर आहे ते कळत नाही म्हणे."

"एवढा थोरला माणूस 'तो' आणि 'स्वतः' वाचत बसतो? घरात कामं नाहीत?"

"ते पण तुमच्याबद्दल हेच विचारत होते. एवढा थोरला माणूस अर्धा तास चूळ भरतो, घरात बाथरूम नाही का?"

मी त्या दिवसापासून दोन तांबे पाणी जास्त घ्यायला लागलो.

एका शनिवारी केतकीनं त्या दोघांना चहाला बोलावलं. तो स्वतःच्या पायानं आला नसता, मॉरीनबाईंनी आणला. बाई सारख्या म्हणायच्या, हिमसेल्फला साखर नको, हिमसेल्फला खुर्ची ताठ लागते. तो बायकोवर खेकसला. केतकीनं मला हळूच सांगितलं, "ते म्हणतायत, आमच्या जुन्या कागदांत हा शब्द राजासाठी यायचा. राजा स्वतः आला. तुम्ही आयरिश बायका तो कचऱ्याचा डबा बाहेर ठेवणाऱ्या नवऱ्याला लावता." मॉरीनबाई शांतपणे म्हणाल्या, "मग डबा ठेवायला राजाला सांगू का?" मला त्या बाई फार आवडायच्या.

मग त्यानं माझ्याकडे मोर्चा वळवला. तुमच्या भाषेत या शब्दाला काय म्हणतात, म्हणून विचारलं. मला सुचेना. केतकीनं सांगितलं: स्वतः, खुद्द, आपण. त्यानं 'आपण' पकडला. आपण म्हणजे आम्ही-तुम्ही मिळून, आपण म्हणजे समोरचा मोठा माणूस, आणि आपण म्हणजे ज्याचा तो, हे केतकीनं समजावल्यावर त्यानं कप खाली ठेवला आणि नाक उडवलं. ज्या भाषेला मी कुठला आणि तू कुठला हे सांगता येत नाही तिच्यात हिशेब कसे करता, असं काहीतरी तो म्हणाला.

मी केतकीला म्हटलं, "त्याला सांग, तुमच्यात म्हाताऱ्यालाही यू आणि कुत्र्यालाही यू. तुमच्यात वडिलांना हाक मारली की कुत्रं शेपूट हलवत येत असेल."

केतकी म्हणाली, "अप्पा, मी हे सांगणार नाही."

"मग मी सांगतो," असं म्हणून मी त्याच्याकडे बोट केलं, "यू," मग खिडकीबाहेर चाललेल्या कुत्र्याकडे बोट केलं, "यू. सेम." त्याला बरोबर कळलं. त्याच्या भुवया वर गेल्या आणि मी पहिल्यांदा त्याचे डोळे पाहिले. निळे होते.

उत्तर म्हणून तो उठून उभा राहिला, आणि आमच्या स्वयंपाकघरात त्यानं तमाशा मांडला. खुर्चीवर बसून दाखवलं आणि म्हणाला, "आय सॅट मी डून." मी मला खाली बसवलं; त्याचा 'मी' म्हणजे आपला 'मला', आणि 'डून' म्हणजे डाउन. हात धुऊन दाखवले, "आय वॉश मी." वळून दाखवलं, "आय टर्न मी." दर वेळी बोट नाचवत, "नो सेल्फ." मग छाती फुगवून, काल्पनिक मुकुट चढवून दारातून आत आला आणि गरजला, "द किंग हिमसेल." मला केतकीची गरज पडली नाही. जुन्या काळी साध्या माणसाला बसायला, उठायला, अंगावर पाणी घ्यायला 'स्वतः' लागत नव्हता. जोर द्यायचा असेल तेव्हाच तो शब्द बाहेर काढायचे, सणाला पितळेची भांडी काढावीत तसा. आणि आता लोक उठता-बसता सेल्फ, सेल्फ करतात, यावर त्याचा खरा राग होता.

तेवढ्या एका बाबतीत माझं त्याच्याशी जमलं. केतकी पुण्याला आईशी फोनवर बोलली की शेवटी म्हणते, "स्वतःची काळजी घे." मी तिला कितीदा सांगितलं, काळजी घे म्हण. स्वतःची कशाला? ती काय वाटेवरच्या माणसाची घेणार आहे? हे मी केतकीला त्याला सांगायला लावलं. ऐकून त्यानं टेबलावर थाप मारली. पण हात पुढे केला नाही, मीही केला नाही.

त्यानंतरच्या हिवाळ्यात मॉरीनबाई गेल्या. आजारी पडल्या आणि पंधरवड्यात संपल्या. तो रडला नाही, निदान माझ्यासमोर नाही. सकाळचं वाचन बंद झालं. मी नळावर चूळ भरायचो आणि पलीकडून आवाज यायचा नाही. एकट्यानं आवाज करण्यात काही राम नसतो. मी घरात चूळ भरायला लागलो.

त्यांची मुलगी फियोना लांब कॉर्क शहरात असते, औषधांच्या कारखान्यात मोठ्या जागेवर. तिनं बापाला कॉर्कला न्यायचं ठरवलं. तिच्या घरी नव्हे, तिच्या घराजवळ म्हाताऱ्यांना ठेवतात तिथे. तो एकच वाक्य बोलायचा, ते दोन्ही घरांच्या सामाईक भिंतीतून मला ऐकू यायचं, "आय बाइड इन मा एन हूस." मी माझ्या घरात राहणार. 'एन' म्हणजे आपलं, हक्काचं. मुलगी रडायची, तो तेच म्हणायचा. बाप एकटा असतो, पडला तर कोणाला कळणार नाही, डोकं ठिकाणावर आहे की नाही कोण बघणार, असं तिचं म्हणणं. तिचंही चूक नव्हतं. पण माणसाला त्याच्या घरातून उठवणं मला पटत नाही, मग तो माणूस कितीही नालायक असो.

एका दुपारी ती कुंपणाशी आली. केतकी कामावर, मी एकटा. तिनं भराभर काहीतरी विचारलं, त्यातलं मला शेवटचं कळलं, "बाय हिमसेल्फ?" हे मला येत होतं. मी कोपऱ्यावरच्या दुकानात एकटा गेलो की तिथली पोरगी विचारायची, "बाय युअरसेल्फ टुडे?" म्हणजे आज एकटेच? मला वाटलं, ही विचारतेय, बाबा अगदीच एकटे असतात का हो? मला राग आला. मी इथे भिंतीला भिंत लावून बसलोय, हा एकटा कसा? मी छातीवर हात ठेवून म्हटलं, "नो. नॉट बाय हिमसेल्फ. आय हियर. एव्हरी डे."

तिनं विचारलं, "एव्हरी डे?"

"एव्हरी डे."

तिनं कुंपणावरून माझा हात दोन्ही हातांत धरला आणि आत निघून गेली.

संध्याकाळी केतकी कपडे न बदलता माझ्या खोलीत आली. "अप्पा, तुम्ही फियोनाला काय सांगितलंत?"

मी सांगितलं.

ती पलंगावर बसली. "तिनं विचारलं होतं की बाबांना सगळं स्वतःचं स्वतः जमतं का. बाय हिमसेल्फ म्हणजे एकटा, आणि बाय हिमसेल्फ म्हणजे कोणाच्या मदतीशिवाय. तुम्ही म्हणालात, नाही, त्यांना जमत नाही, मी रोज येऊन बघतो. तिनं कॉर्कचं रद्द केलंय. पण अट आहे. तुम्ही रोज जायचं. एक दिवस चुकला तरी ती त्यांना घेऊन जाणार. मी जाऊन सांगू का, गैरसमज झाला म्हणून?"

मी विचार केला. दिलेला शब्द इंग्रजीत होता, पण तोंड माझं होतं. मी म्हटलं, "काही सांगायचं नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याची बेल वाजवली. त्यानं दार उघडलं, मला पाहिलं आणि लावलं. जकात नाक्यावर तासन्‌तास उभा राहिलेला माणूस मी, मला बेल वाजवायचा कंटाळा नाही. बऱ्याच वेळानं दार पुन्हा उघडलं. मी काय म्हणून आलो, मुलीला काय सांगितलं, असं त्यानं दरडावून विचारलं. मी म्हटलं, "नॉट बाय हिमसेल्फ."

तो बोलता बोलता थांबला. मग त्यानं एक बोट कानाच्या वर नेलं आणि गोल गोल फिरवलं, वेड्या माणसासाठी फिरवतात तसं. "बाय हिमसेल," तो म्हणाला. मग मान हलवून, "नॉट बाय हिमसेल," आणि हसला. बंद पडलेली गाडी धक्क्यावर सुरू व्हावी तसं ते हसू होतं, आधी घरघर, मग धूर, मग एकदम चालू. मला वाटलं मला वेडा म्हणतोय. मी त्याला बाजूला सारून आत गेलो आणि त्याच्याच खुर्चीत बसलो.

शनिवारी केतकी माझ्याबरोबर आली तेव्हा उलगडा झाला. त्याच्या मुलखात 'बाय हिमसेल' म्हणजे ज्याचं भान सुटलंय, जो ठिकाणावर नाही, असा. जुना अर्थ, त्याची आजी बोलायची. म्हणजे मी त्याच्या मुलीला कुंपणावर उभा राहून सांगितलं होतं की तुझा बाप शुद्धीवर आहे. तो केतकीला म्हणाला, "त्या घरात मला शहाणा म्हणणारा हा एकटाच निघाला, आणि तोही चुकून."

"त्याला सांग," मी म्हटलं, "आमच्यात एकट्याला एकटा म्हणतात, ज्याचं तो करतो त्याला स्वतः म्हणतात आणि वेड्याला वेडा म्हणतात. तीन माणसांना एकाच शब्दात कोंबणारी भाषा माझ्या 'आपण'ला नावं ठेवते."

केतकीनं या वेळी सगळं सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, चहा कर. मला म्हणाला, केतकीला नाही.

असं आमचं रोजचं सुरू झालं. मी जायचो, तो म्हणायचा, मी बोलावलं नव्हतं. मी मराठीत म्हणायचो, तुझ्यासाठी आलोच नाही, माझ्या शब्दासाठी आलोय. चहा मी करायचो, माझ्या पद्धतीनं, दूध घालून उकळून. तो तोंड वाकडं करून सगळा प्यायचा. फियोनाचा फोन आला की मी घ्यायचो. ती विचारायची, "ग्रँड?" मी म्हणायचो, "ग्रँड." इथे एवढ्या एका शब्दात सगळं चांगलं चाललंय हे भागतं. वाचन पुन्हा सुरू झालं, फक्त आता शेडच्या दारात नव्हे, माझ्यासमोर. मला काही कळत नसे. जोर कुठे येतो तेवढं कळायला लागलं, आणि चुकीच्या ठिकाणी जोर दिला की मी मान हलवायचो. तो चिडायचा, पण पुन्हा वाचायचा. बायकोचा विषय निघाला की मात्र तो हिमसेल, हरसेल असं आपलं म्हणायचा नाही. "हरसेल्फ," म्हणायचा, शेवटचा फ स्वच्छ उच्चारून, इथल्या बायका म्हणतात तसं. हरसेल्फ हे खपवून घेणार नाही. हरसेल्फची खुर्ची आहे ती. मॉरीनबाई जिवंत असताना ज्या बोलण्यावर तो खेकसायचा तेच. मी त्यावर कधी टोमणा मारला नाही.

पुढे त्याचं विसरणं सुरू झालं. एकदा किटली प्रेसमध्ये सापडली. इथे कपाटाला प्रेस म्हणतात. एकदा तो बनियनवर अंगणात उभा राहून मॉरीनला हाका मारत होता. मी कुंपणाला वळसा घालून गेलो. काय म्हणायचं सुचेना, तेव्हा मी जुनंच म्हटलं, "गुड मॉर्निंग, मिस्टर हिमसेल्फ." तो गर्रकन वळला. भुवया एकत्र आल्या. ते माझं नाव नाही, मूर्खा, असं म्हणाला आणि त्यासरशी ताळ्यावर आला. तिथून मला इलाज सापडला. त्याचं चित्त भरकटलं की मी मुद्दाम चुकीचं बोलायचो. "आय वॉश मायसेल्फ." "नो सेल्फ," तो गुरगुरायचा. "यू सिट युअरसेल्फ डाउन." "सिट ये डून. नो सेल्फ." भांडायला लागला की सगळं आठवायचं, आज कोणता वार तेही आणि बायको गेलेलीही. मग थोडा वेळ खिडकीबाहेर बघत बसायचा. मी शेगडीची बटणं बघून घ्यायचो, दाराची कडी बघायचो, आणि फोनवर ग्रँड म्हणायचो. संतोष मला म्हणाला, अप्पा, त्यांच्या मुलीला सांगायला पाहिजे. मी त्याला विचारलं, उद्या मी किटली कपाटात ठेवली तर तू कोणाला फोन करशील? 

एका सकाळी मी बेल वाजवण्याआधीच दार उघडलं. तो दारात उभा, दाढी केलेली, अंगात कोट. माझ्याकडे नीट पाहून म्हणाला, "इट्स येरसेल." मी म्हटलं, नो सेल्फ. तो बाजूला झाला. घरी येऊन मी केतकीला विचारलं, याचा काय अर्थ. ती म्हणाली, "म्हणजे 'तूच आहेस का' असं. ओळखीचं माणूस दारात दिसलं की म्हणतात इथे. 'ये, ये' म्हणावं तसं." मी तिला म्हटलं, त्याच्या मुलखात याचा काहीतरी वाईट अर्थ असणार, विचारून घे. तिनं विचारलं नाही, आणि मीही पुन्हा आठवण केली नाही.

त्याच्या पुढच्याच आठवड्यातली गोष्ट. मी गेलो तेव्हा तो पलंगावर बसलेला. थकला होता. मी म्हटलं, "यू स्लीप युअरसेल्फ." त्यानं हात उचलून मला थांबवलं. "आय लेय मी डून," तो म्हणाला, हळू, प्रत्येक शब्द सुटा, चौथीतल्या पोराला सांगावं तसा, आणि आडवा झाला. मी चहा टाकायला गेलो. दूध बाटलीत तळाला होतं. मी तिथूनच ओरडलो की काल दूध मी आणलं होतं, ते कुठे गेलं, मांजर पाळलंय का. त्यानं आतून काहीतरी उत्तर दिलं, नेहमीच्या गुरगुरत्या आवाजात. मी म्हटलं, मोठ्यानं बोल, मर्दासारखा. मग मी दुधावर, त्याच्या कंजूषपणावर आणि त्याच्या खिडकीच्या कडीवर बरंच बोललो. चहा उकळला. कप घेऊन आत गेलो तेव्हा तो भिंतीकडे तोंड करून पडला होता, आणि उत्तर द्यायचं राहिलं होतं.

इथली पद्धत अशी की गेलेल्या माणसाला पेटीत घालून घरात ठेवतात आणि लोक येऊन भेटून जातात. चहा, सँडविच, हळू आवाजात गप्पा. बसायच्या खोलीत पेटी ठेवली होती. पेटीवरच्या पट्टीवर त्याचं नाव कोरलेलं होतं. मी ते सावकाश वाचलं, अक्षर अक्षर लावून. कोणातरी भलत्याच माणसाचं वाटलं. मी माझी खुर्ची पेटीजवळ ओढून बसलो. कोणी उठवलं नाही.

फियोना कॉर्कहून आली होती. लोक पांगल्यावर ती माझ्याजवळ येऊन गुडघ्यांवर बसली, डोळे सुजलेले. केतकी माझ्या मागे उभी होती. फियोनानं मला एकच विचारलं, आणि या वेळी सावकाश विचारलं.

"वॉज ही बाय हिमसेल्फ?"

"नो," मी म्हटलं. "नॉट बाय हिमसेल्फ."

तिनं माझ्या गुडघ्यावर डोकं टेकलं. घरी जाताना केतकीनं कुंपणाशी थांबून विचारलं, "अप्पा, तुम्ही कुठल्या अर्थानं म्हणालात?"

मी म्हटलं, "तीन आहेत. तिला लागेल तो ती घेईल."